सीसी आली म्हणजे इमारत झाली असं नाही

'सप्रेम नमस्कार. आम्ही कळव्याला वन-रूम-किचनमध्ये राहतो. मिस्टरांच्या रिटायरमेंटला थोडीच वर्षं उरली आहेत, म्हणून घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, टू-बीएचके बघितला. दोन लाख टोकन भरून बुकिंग केलं. अ‍ॅग्रीमेंट अजून झालेलं नाही. आता सेल्स ऑफिसमधून सारखा फोन येतो, "कमेन्समेंट सर्टिफिकेट आलंय, आता काही टेन्शन नाही. दसऱ्याच्या आत ४० टक्के भरा, नंतर हा रेट मिळणार नाही." सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, तो सगळा इंग्रजीत. मुलगा एफवायला आहे. तो म्हणतो, कमेन्समेंट म्हणजे पूर्ण होणं, कारण आत्येभावाला अमेरिकेत डिग्री मिळाली त्या समारंभाचं नाव कमेन्समेंटच होतं. मिस्टर म्हणतात, असं कसं, आपण तर नुसते खड्डे बघून आलो. दोघांचं रोज वाजतं. त्यात मोठीच्या मुलीच्या, म्हणजे चार वर्षांच्या नातीच्या पॉलिसीवरही हाच शब्द दोनदा छापलाय आणि दोन्हीकडे तारखा वेगळ्या! नेमका अर्थ काय धरायचा? आणि पैसे भरायचे का?
– एक वाचक, कळवा'

ताई, आधी पैशांचं सांगते, कारण दसरा जवळ आलाय. चेक लिहू नका. करार नोंदवलेला नसताना घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला कायद्यानेच मनाई आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा, त्याचं कलम १३ हेच सांगतं. सीसी, म्हणजे हे कमेन्समेंट सर्टिफिकेट, आलेली असो वा नसो, आधी करार, त्याची नोंदणी आणि मग पुढचा हप्ता. तुमचे दोन लाख १० टक्क्यांच्या आतच असतील, त्यामुळे आतापर्यंत तुमचं काही चुकलेलं नाही.

आता शब्दाचं. कमेन्समेंट म्हणजे सुरुवात, प्रारंभ. याच कागदाला मराठीत 'बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र' म्हणतात आणि त्या नावात सगळं आलं. तुमचे नकाशे मंजूर आहेत, आता काम सुरू करायला हरकत नाही, एवढंच महापालिका त्यातून बिल्डरला सांगते. इमारत पूर्ण झाली, राहण्यालायक झाली, वेळेत होईल, यातलं एक अक्षरही त्या दाखल्यात नसतं. मिस्टरांनी बघितलेले खड्डे आणि हा कागद यांचा मेळ अगदी बरोबर बसतो.

मुलावर मात्र रागावू नका. त्याने एक खरी गोष्ट पाहिली आणि तिच्यावरून विचार केला. अमेरिकेत पदवीदानाच्या समारंभाला कमेन्समेंटच म्हणतात. शिक्षण संपल्याच्या दिवसाला सुरुवातीचं नाव का, याचं कारण युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत आहे. तिथे पदवी म्हणजे मुळात शिकवण्याचा परवाना असे. नवा मास्टर आपलं पहिलं व्याख्यान देई आणि त्या दिवसापासून शिक्षकांच्या मंडळात बसू लागे. म्हणून मोजायची ती त्याच्या शिकवण्याची सुरुवात. इंग्लंडमध्ये केंब्रिजला या समारंभाला कमेन्समेंट म्हणत. हार्वर्ड उभं करणाऱ्यांत केंब्रिजमध्ये शिकलेली मंडळी बरीच होती. १६४२ मध्ये तिथून पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हा तेच नाव वापरलं गेलं आणि अमेरिकेत कायमचं रुजलं. आपल्याकडे त्याच समारंभाला कन्व्होकेशन म्हणतात, त्यामुळे हा अर्थ आपल्या कानावर पडत नाही. थोडक्यात, आत्येभावाच्या समारंभातही शब्दाचा अर्थ सुरुवात हाच आहे. मुलाला दिसलं ते संपलेलं शिक्षण, नाव मात्र पुढच्या कामाचं होतं.

मुलाला आणखी एक उदाहरण द्या, हे त्याने शाळेत वाचलेलंच आहे. संविधान सभेने राज्यघटना स्वीकारली ती २६ नोव्हेंबर १९४९ ला. मजकूर त्या दिवशी पूर्ण झाला. पण घटनेचं 'कमेन्समेंट' कोणतं, तर २६ जानेवारी १९५०. अनुच्छेद ३९४ चं शीर्षकच कमेन्समेंट आहे आणि ही तारीख तिथे नोंदलेली आहे. नागरिकत्व, निवडणुका अशी मोजकी कलमं नोव्हेंबरातच लागू झाली, बाकीची घटना जानेवारीत. म्हणजे पूर्ण होण्याची तारीख एक आणि प्रारंभाची दुसरी, दोन्ही एकाच दस्तऐवजाच्या! कायद्याच्या भाषेत हा शब्द अमलाच्या आरंभासाठी येतो. बहुतेक अधिनियमांत पहिल्या कलमाच्या मथळ्यात 'संक्षिप्त नाव' आणि 'प्रारंभ' सापडतील.

आता तुमच्याकडे आलेल्या त्या फोटोकडे वळू. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत मोठमोठ्या होर्डिंगवर 'सीसी रिसीव्ह्ड' लिहिलेलं दिसतं आणि ते अशा थाटात, जणू चाव्या वाटायचा कार्यक्रम ठरलाय. मला या दोन अक्षरांची काळजी वाटते ती यामुळेच. आयुष्यभराची पुंजी घेऊन माणूस सेल्स ऑफिसात जातो, समोरचा सीसी, ओसी, पझेशन असे शब्द भराभर फेकतो आणि विचारायला संकोच वाटतो म्हणून आपण मान डोलावतो. तुम्ही विचारलंत, हे फार बरं केलंत.

फोटो मोठा करून कशासाठी परवानगी आहे ती ओळ शोधा. तिथे इमारतीचा किंवा विंगचा नंबर आणि मजले लिहिलेले असतात. हा भाग सर्वात महत्त्वाचा, कारण सीसी नेहमी संपूर्ण इमारतीची असतेच असं नाही. पुष्कळदा ती आधी फक्त जोत्यापर्यंत, म्हणजे प्लिंथपर्यंत मिळते. जोतं मंजूर नकाशाप्रमाणे झालंय का ते पालिका तपासते आणि मग वरच्या कामाला परवानगी देते. कधी 'स्टिल्ट आणि १ ते १४ मजले' असं लिहिलेलं असतं आणि तुम्हाला दाखवलेला फ्लॅट १९ व्या मजल्यावर असतो. तसं असेल तर तुमच्या घराच्या बांधकामाला प्रारंभाचीसुद्धा परवानगी अजून नाही. समोरचा माणूस 'सीसी आलीय' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण ती तुमच्या मजल्याची आहे का हे त्याने सांगितलेलं नसतं. म्हणून विचारताना 'सीसी आली का' असं विचारू नका, 'माझ्या विंगला, माझ्या मजल्यापर्यंत सीसी आहे का' असं विचारा.

मग तारीख बघा. बांधकामाची परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली मिळते आणि तिची मूळ मुदत एक वर्षाची असते. तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर मुदत वाढवून घ्यावी लागते. जुन्या तारखेची सीसी नव्या उत्साहाने दाखवली जात असेल तर मुदतवाढीचा कागद मागा.

आणि तो कागद कोणी दिलाय, तेही पाहा. घोडबंदरचा पट्टा ठाणे महापालिकेत येतो, म्हणून दाखला महापालिकेच्या शहर विकास विभागाचा हवा. हेच घर उलव्याला घेतलं असतं तर तो सिडकोचा लागला असता, ऐरोली-घणसोलीत नवी मुंबई महापालिकेचा, कामोठ्यात पनवेल महापालिकेकडे चौकशी करावी लागली असती. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवरची 'परवानगी' दाखवून शहरी भागात फ्लॅट विकणारे अजूनही भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

इथे एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. डोंबिवलीत ६५ इमारती अशा निघाल्या की त्यांच्या बांधकाम परवानग्याच बनावट होत्या. त्या खोट्या कागदांच्या आधारावर महारेराची, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणीही मिळवलेली होती. लोकांनी रेरा नंबर बघितला, बँकांनी कर्जं दिली, कुटुंबं राहायला गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांतल्या बायकांनी तुमच्यासारखीच पै-पै जमवली होती. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर थांबू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नंबरने शोधा, तिथे बिल्डरने चढवलेले दाखले असतात. तिथली सीसी आणि तुमच्याकडचा फोटो शेजारी ठेवून नंबर, तारीख आणि मजले जुळवा. मग मिस्टरांना किंवा मुलाला पाचपाखाडीला महापालिका मुख्यालयात पाठवा आणि तो नंबर शहर विकास विभागात खरोखर नोंदलेला आहे का ते विचारा. तिथे तोंडी सांगितलं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो, फी १० रुपये. वेळ लागेल, लागू द्या.

मुलाला जो कागद अपेक्षित होता, 'सगळं पूर्ण झालं' सांगणारा, तो वेगळा आहे. एक पूर्णत्वाचा दाखला आणि दुसरं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली, आता लोकांनी राहायला हरकत नाही, असं महापालिका ओसीतून सांगते. सीसी आणि ओसी ही नावं कानाला इतकी सारखी लागतात की फोनवर गफलत होतेच. त्यामुळे फोनवर नुसती आद्याक्षरं ऐकून घेऊ नका, 'प्रारंभ म्हणताय की भोगवटा' असं मराठीत विचारा. ओसी नसताना ताबा घेणाऱ्यांचे हाल ठाण्याला नवीन नाहीत. नळजोडणीसाठी खेटे घालावे लागतात, टँकरचं बिल वर्गणीने भरावं लागतं, सोसायटीच्या नावावर जमीन करून घेताना नाकीनऊ येतात.

इमारत कायद्याच्या दृष्टीने पूर्ण आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण तुमच्या घरातच असेल. सेल्स ऑफिसने दिलेली कॉस्ट शीट काढा आणि जीएसटीची ओळ बघा. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. घर परवडणाऱ्या गटात बसत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो लागतच नाही. म्हणजे जो माणूस 'आता काही टेन्शन नाही' म्हणतो, त्याच्याच कागदावर इमारत अपूर्ण असल्याची कबुली आकड्यात लिहिलेली आहे.

आणि ते ४० टक्के? महाराष्ट्राच्या रेरा नियमांसोबत कराराचा एक नमुना दिलेला आहे. त्यात हप्ते कामाशी बांधले आहेत. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० पर्यंत, असं करत शेवटचे ५ टक्के ताबा देताना, ओसी मिळाल्यावर. 'सीसी आली म्हणून इतके द्या' असा टप्पाच त्यात नाही. परवानगी मिळवणं हे बिल्डरचं काम, किंबहुना तिच्याशिवाय त्याला महारेराची नोंदणीच मिळत नाही आणि नोंदणीशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. जो कागद तुम्हाला पहिला फोन करण्याआधीच हातात असायला हवा होता, तो मिळाल्याची बक्षिसी तुम्ही का द्यावी? दसऱ्यानंतर रेट वाढेल ही भीती खरी असू शकते. पण दोन-चार लाखांची बचत आणि नोंदणीशिवाय दिलेले चाळीस-पन्नास लाख यांचा तोल तुम्हीच मांडून बघा.

बिल्डर मंडळी सगळीच फसवी असतात असं मी मुळीच म्हणत नाही. नीट काम करणारे पुष्कळ आहेत आणि ते असे प्रश्न आले की बिचकत नाहीत, उलट फाइल पुढे करतात. म्हणून आता त्यांना ई-मेल करा, मराठीत चालेल. मजकूर साधारण असा ठेवा: 'आमच्या विंगचे व आमच्या मजल्यापर्यंतचे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि कराराचा मसुदा यांच्या प्रती पाठवाव्यात. कराराची नोंदणी झाल्यावर, करारात लिहिलेल्या टप्प्यांनुसार आम्ही रक्कम भरू. नोंदणीची तारीख कळवावी.' फोन आला तर 'मेलवर उत्तर द्या' एवढंच बोला. मसुदा आला की कासारवडवलीच्या एजंटकडे न नेता, स्वतः निवडलेल्या वकिलाला दाखवा.

मुलाच्या इंग्रजीसाठी थोडं, कारण विषय निघालाच आहे आणि त्याला शब्दांची गोडी दिसते. कमेन्स हे क्रियापद औपचारिक आहे. टेंडर, करार, परीक्षेचं वेळापत्रक, कोर्टाचा आदेश इथे ते शोभतं. मित्राला मेसेज करताना किंवा नोकरीच्या अर्जात 'मी काम सुरू करेन' म्हणताना स्टार्ट किंवा बिगिन लिहावं, कमेन्स अवघडल्यासारखं वाटतं. शाळांच्या परिपत्रकांत 'कमेन्स फ्रॉम' सर्रास दिसतं. तारखेआधी ऑन आणि वेळेआधी अ‍ॅट जास्त बरोबर. स्पेलिंगमध्ये एम दोनदा येतो, इथे मुलं हमखास एक एम खातात.

आरंभाचे बाकीचे शब्द आपापल्या जागा धरून असतात. रिबन कापायची तर इनॉगरेशन. संस्था किंवा म्युच्युअल फंड जन्माला आला तो दिवस सांगायचा तर इन्सेप्शन, फंडांच्या माहितीपत्रकात 'सिन्स इन्सेप्शन' परतावा दिलेला असतो तो याच अर्थाने. आजार किंवा पाऊस यांच्या सुरुवातीला ऑनसेट. हवामान खातं केरळातल्या मान्सूनच्या आगमनाला हाच शब्द वापरतं, त्याची सर्वसाधारण तारीख १ जून. पाऊस कोणाच्या हुकमाने येत नाही, तो आपल्यावर येऊन ठेपतो, म्हणून ऑनसेट. कागदोपत्री कमेन्समेंटच्या मागे मात्र बहुतेक वेळा कोणीतरी अधिकारी, कुठला तरी आदेश आणि एक ठरलेली तारीख असते. मुलाला सांगा, सरकारी किंवा कायदेशीर कागदावर हा शब्द दिसला की त्या तिन्ही गोष्टी शोधायच्या.

नातीच्या पॉलिसीचंही कोडं तसंच सुटतं. 'डेट ऑफ कमेन्समेंट' ही पॉलिसी सुरू झाल्याची तारीख, हप्ते आणि मुदत तिथून मोजायची. 'कमेन्समेंट ऑफ रिस्क' ही विम्याचं संरक्षण सुरू होण्याची तारीख. मोठ्या माणसांच्या पॉलिसीत या दोन्ही बहुधा एकच असतात किंवा फार जवळ असतात. लहान मुलांच्या बऱ्याच पॉलिसींत, मूल ८ वर्षांच्या आतलं असेल तर संरक्षण उशिरा सुरू होतं. पॉलिसीला २ वर्षं झाल्यावर किंवा मूल ८ वर्षांचं झालं की त्या दिवशी वा त्यानंतर लगेच येणाऱ्या पॉलिसीच्या वाढदिवशी, यातलं जे आधी येईल तेव्हा. मधल्या काळात काही विपरीत घडलं तर भरलेले हप्ते परत मिळतात, विम्याची रक्कम नाही. नात चार वर्षांची आहे, म्हणजे तिच्या कागदावरच्या दोन तारखांत साधारण २ वर्षांचं अंतर असेल आणि ते छपाईच्या चुकीने आलेलं नाही. नेमक्या अटी कंपनीप्रमाणे बदलतात, तेव्हा मोठीला पॉलिसी बॉण्डचं 'डेथ बेनिफिट' हे कलम उघडून बघायला सांगा. अंतर २ वर्षांपेक्षा जास्त दिसलं तर एजंटला नको, थेट शाखेत लेखी विचारा.